सहा नंबरचा शांत पेशंट

संक्रांत आठ दिवसांवर आली की आमच्या कॉलनीत तीळ भाजल्याचा वास सुटतो. शेजारची सूनबाई सकाळी खिडकी सताड उघडून कढई चढवते आणि मी माझी खिडकी लावून घेते. लोकांना या वासानं माहेर आठवतं, आई आठवते. मला मळमळतं. कुणी कारण विचारलं तर 'शुगर आहे' म्हणून मोकळी होते. शुगर आहेच, पण ती अलीकडची. मळमळ तिच्याहून कितीतरी जुनी आहे.

थंडीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. चितेगावच्या अलीकडे, पैठण रस्त्याला लागून आमची वस्ती. धनगराचं घर. पौषातलं कोवळं ऊन, घोंगडीला चिकटलेला मेंढरांचा वास, आगटीतला हुरडा, हरभऱ्याचे घाटे खाऊन आंबट झालेली बोटं, या सगळ्यावर माझं लहानपण पोसलं. पण एक हिवाळा असा आला की त्यानं आधीचे आणि नंतरचे सगळे हिवाळे नासवून टाकले. तो नामांतराचा हिवाळा. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून वर्षानुवर्षं चाललेला झगडा त्या संक्रांतीला संपला, आणि त्या दिवशी मी सहा नंबरच्या खाटेपाशी ड्यूटीवर होते.

मी नर्स. शहरातल्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. दवाखान्याचं नाव सांगत नाही, आता ती इमारतही उरलेली नाही. तिथे श्वास देणारी मोजकी मशीनं होती आणि ती बहुतेक वेळा कंपन्यांमधून आलेल्या माणसांना लागायची. ते दिवसच तसे होते. जिकडे बघावं तिकडे शेड उभे राहत होते, औरंगपुऱ्याच्या बोळांत भाड्याची खोली मिळत नव्हती, सकाळी कामगारांच्या बसगाड्या भरभरून जायच्या. आमची मेंढरं जिथे चरायची त्या माळाला तारेचं कुंपण पडलं. आबांनी मेंढरांचा अख्खा खांडवा विकला आणि त्याच माळावरच्या कंपनीच्या गेटवर खाकी घालून उभे राहिले. लोक म्हणायचे, धनगराचं नशीब उघडलं. आबा मात्र घरी आले की आधी टोपी काढून कोपऱ्यात फेकायचे.

आमच्या विभागात एका शब्दाला फार किंमत होती. शांत. राउंडला आलेले मोठे डॉक्टर दारातूनच विचारायचे, 'सगळं शांत ना?' आणि आम्ही माना डोलवायचो. नळी घशात, छाती मशीनच्या ताब्यात, अशा अवस्थेत जागा झालेला माणूस शांत राहूच शकत नाही. त्याला उबळ येते, तो नळी ओढायला बघतो, मशीन ज्या वेळी हवा ढकलतं त्याच वेळी तो बाहेर सोडतो. आमच्या बोलीत त्याला 'पेशंट मशीनशी भांडतोय' म्हणायचे. भांडणारा पेशंट म्हणजे कामाला खोटी. मग त्याचे हात खाटेच्या दांड्याला पट्टीनं बांधायचे आणि त्याला इंजेक्शन द्यायचं. रजिस्टरात लिहायचं, पेशंट शांत. त्या दिवसांत पेपरातही रोज यायचं, शहरात तणावपूर्ण शांतता. मला ती शाईसुद्धा सारखीच वाटायची.

इंजेक्शनं दोन प्रकारची. एक झोपेचं. दुसरं अंगातले सगळे स्नायू ढिले पाडणारं. हे दुसरं दिलं की माणूस बोट हलवू शकत नाही, पापणी उचलू शकत नाही, स्वतःचा श्वास घेऊ शकत नाही. पण त्यानं झोप येत नाही. ऐकू येतं, दुखतं, तहान लागते, भीती वाटते, फक्त सांगता येत नाही. म्हणून आधी पहिलं आणि मग दुसरं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. हे मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

आणि मला तर ते नर्सिंगच्या शाळेआधीपासून माहीत होतं. आबा मेंढरं कातरायला बसायचे तेव्हा मेंढीचे चारी पाय एकत्र बांधून तिला आडवी पाडायचे. पाय बांधेपर्यंत ती धडपडायची. गाठ बसली की एकदम गप व्हायची. लहान असताना मी टाळ्या वाजवत म्हणाले होते, 'आबा, झोपली.' आबांनी माझा हात धरून तिच्या काखेत घातला. आतलं काळीज धाडधाड उडत होतं. 'झोपली नाय पोरी,' आबा म्हणाले, 'भ्यालीय. गप पडली म्हंजी झोपली आसं नसतं.' ती गाठ मी आबांकडून शिकले. ती ओढली तर बसते पण कातडीत रुतत नाही. वॉर्डात माझ्या गाठीचं कौतुक व्हायचं. इन्चार्ज बाई नव्या मुलींना मुद्दाम दाखवायला लावायच्या. मी दाखवायची, हसत.

सहा नंबरवर अंकुश होता. चितेगावच्या एका कंपनीत टाकी धुवायला उतरला आणि आतल्या वायूनं फुप्फुसं भाजून आला. पस्तिशीचा, काळासावळा, हाताचे पंजे मोठे. त्याची बायको वत्सला बाहेरच्या व्हरांड्यात गाठोडं घेऊन बसलेली असायची. मी तिला 'ए बाई' म्हणायची. डॉक्टरांच्या बायकांना आम्ही 'ताई' म्हणायचो आणि व्हरांड्यात बसणाऱ्यांना 'ए बाई'. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण चुकायचंही नाही कुणाचं.

झोपेची औषधं कुलपाच्या कपाटात असायची आणि किल्ली फक्त इन्चार्ज बाईंच्या पर्समध्ये. स्नायू ढिले पाडणारं औषध थंडीत ठेवावं लागतं, म्हणून ते फ्रिजमध्ये. फ्रिजला कुलूप नव्हतं. या व्यवस्थेत काही चुकीचं आहे असं कित्येक वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या संक्रांतीला गावात कडक बंदोबस्त होता. बसगाड्या नाहीत, रिक्षा नाहीत. इन्चार्ज बाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायच्या, त्या आल्याच नाहीत. त्यांच्या घरी फोन नव्हता. जखमी येतील या अंदाजानं डॉक्टर मंडळींना खाली तपासणीत बसवून ठेवलेलं. वर मी, माझ्या जोडीची मंदा आणि ऑक्सिजनचे सिलिंडर नि मशीनं सांभाळणारे शकूरभाई, एवढेच. सकाळचे दहा वाजले आणि अंकुशला पहाटे दिलेलं झोपेचं औषध उतरलं. तो भांडायला लागला. खाट हलायला लागली, मशीनची घंटी थांबेना.

शकूरभाईंच्या पेटीत हातोडी होती. ते कपाटाकडे बघून म्हणाले, 'सिस्टर, बोलो तो ताला तोड देता हूं. दो मिनट का काम है.' मी नको म्हणाले. कुलूप तोडायचं तर वरची सही लागते, पंचनामा लागतो, नंतर चौकशी लागते. माळावरच्या धनगराची पोर मी, मोठ्या कष्टानं पांढरा गणवेश अंगावर चढला होता. मी अंकुशचे हात आबांच्या गाठीनं बांधले, फ्रिज उघडला आणि दुसरं इंजेक्शन दिलं. इन्चार्ज बाई येतीलच इतक्यात, असं मनाशी म्हणाले. दोन-तीन मिनिटांत खाट हलायची थांबली. पापण्या अर्ध्या उघड्या राहिल्या होत्या, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून मी मलम घातलं आणि वरून चिकटपट्टी लावली. रजिस्टरात लिहिलं, पेशंट शांत. इन्चार्ज बाई चार वाजता अॅम्ब्युलन्समधून आल्या. तोवर मी ते इंजेक्शन चार वेळा दिलं.

मध्ये एकदा शकूरभाई मशीनची पाण्याची बाटली बदलायला गेले आणि तिथेच थबकले. पट्टीच्या कडेनं पाणी ओघळून कानापर्यंत आलं होतं. 'सिस्टर, ये सोया नहीं है.' मी म्हणाले, 'मलमानं येतं पाणी डोळ्याला.' 'नाडी देखो कित्ती भाग रही.' 'त्या औषधानं वाढतेच नाडी.' दोन्ही उत्तरं पुस्तकात होती. शकूरभाईंनी रुमालानं त्याचा कान पुसला, कपाळावर हात ठेवला आणि वाकून म्हणाले, 'भाई, मशीन बराबर चल रही. मैं इधरीच हूं. डरना नक्को.' मंदा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले.

दुपारी वॉचमनच्या रेडिओवर बातमी आली. वत्सला धावत दारापाशी आली. दोन्ही हात दारावर टेकवून म्हणाली, 'सिस्टर, दोन मिनटं आत येऊ द्या की. त्यांच्या कानात येवढंच सांगते, झालं म्हणून.'

'काय झालं?'

'नामांतर. लई वाट बघितली त्यांनी. लग्नाच्या आदी त्याच्यापायी जेलात जाऊन आलेत.'

तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मला नीट आठवतं, आणि आपण त्याच्यावर कसं दार लावलं तेही. 'अगं ए बाई, ते गुंगीत आहेत. काही ऐकू येत नाही त्यांना. शुद्धीवर आले की सांग.' ती 'बरं' म्हणाली आणि परत जाऊन गाठोड्यापाशी बसली. वाद घातला नाही. आत सोडलं असतं तर दोन मिनिटं गेली असती, बाकी काहीच गेलं नसतं.

मी आत आले तेव्हा मंदानं घरून आणलेला तिळगुळाचा डबा उघडला होता. आम्ही सहा नंबरच्या खाटेशीच उभ्या होतो, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, मधे तो. गप्पा मारायला ती जागा सोयीची होती, दारातून दिसत नसे. मंदा म्हणाली, 'झालं बाई एकदाचं ह्यांच्या मनासारखं. आता आणखी माजतील.' मंदा पक्की शहरातली, गुलमंडीवर साड्या घेणारी. तिच्यासारखं बोलावं, तिच्यासारखं हसावं, तिनं आपल्याला तिच्यातलं समजावं, याची मला फार हौस होती. लाडू माझ्या गालात होता. मी म्हणाले, 'नाव बदललं म्हणून काय ह्यांच्या हातचं कुणी खाणार आहे?'

हे वाक्य मी बोलले. धनगराच्या घरातली मी, जिच्या आजीला पाटलांच्या वाड्यावर ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मंदा खूप हसली. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजूनही अंगावरून झुरळ गेल्यासारखं आठवतं. आणि आमच्या दोघींच्या मधे, चिकटपट्टीखाली, पाणी ओघळत होतं.

गेल्या वर्षी माझी धाकटी जाऊ एका मोठ्या दवाखान्यात मशीनवर होती. काचेची दारं, प्रत्येक खाटेला पडदा. तिथली नर्स रोज सकाळी झोपेचं औषध कमी करायची आणि तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणायची, 'काकू, डोळे उघडा. माझा हात दाबा बरं. आता कूस बदलणार आहे.' आता तशी रीतच आहे म्हणे, माणसाला लागेल तेवढंच झोपवायचं, बांधायचं नाही. मला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं. मग दुपारी कसलं तरी यंत्र दुरुस्त करायला दोन माणसं आली आणि जावेच्या अंगावरून एकमेकांशी बोलू लागली, अमक्या वस्तीतल्या लोकांना कसं हाकलून द्यायला पाहिजे याविषयी. मी म्हणाले, 'हळू बोला. ती ऐकतेय.' एकानं दुसऱ्याकडे बघून भुवई उडवली. म्हातारी चळलीय, असं त्याला वाटलं असणार. आता तर शहराचंही नाव बदललं. तेव्हा नावानं काय पोट भरतं का म्हणणारे लोक आता पाट्या रंगवायला पुढे होते. मी तेही गप राहून बघितलं.

अंकुश तेव्हा जगला. आठ-दहा दिवसांनी नळी निघाली. मनगटांवर वळ नव्हते, माझी गाठ चांगलीच होती. वत्सलाला आत सोडलं तेव्हा मी शेजारच्या खाटेची चादर बदलत होते. ती त्याच्या पायाला हात लावून म्हणाली, 'अवं, झालं बरं का नामांतर.'

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, 'म्हाईत हाय.'

'कुणी सांगितलं?'

त्यानं मोठ्या कष्टानं बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं. 'सिस्टर बाईंनी.'

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. वत्सला माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले. 'लई उपकार झाले, सिस्टर. मला वाटलं तुमी नाय सांगणार.' तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. नुसता बघत होता. मी म्हणाले, 'असू दे, असू दे,' आणि चादर घेऊन बाहेर गेले. मोरीत जाऊन ओकले.

पुढच्या संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन दवाखान्यात आली. त्याच्या पुढच्याही. शकूरभाईंसाठी एक पुडी, माझ्यासाठी एक डबा. मी निवृत्त झाल्यावर घर शोधत आली. मी तिला ताई म्हणायला लागले, अहो-जाहो करायला लागले, चहा करायला लागले. ती डबा उघडून एक लाडू माझ्या हातावर ठेवायची आणि समोर बसायची. तो हातावर आला की माझ्या घशाशी पाणी यायचं. मंदाचा डबा, ती पट्टी, ते वाक्य, सगळं वर यायचं. 'ठेवते हं, नंतर खाईन' म्हणून मी तो ताटलीत ठेवायची. ती गेली की डबा कामवालीला देऊन टाकायची. हे माझं प्रायश्चित्त आहे अशी माझी समजूत होती. आपल्याला किळस येतेय म्हणजे आपल्यात अजून काहीतरी चांगलं शिल्लक आहे, असा एक छुपा दिलासाही त्यात होता.

या संक्रांतीला वत्सलाताई आल्या त्या थकलेल्या होत्या. अंकुश आखाडात गेला. छाती तेव्हापासून अर्धीच उरली होती, यंदा पावसाळी हवेत भरून आली. मशीन लावायला त्यानं नको म्हटलं. हे ऐकल्यावर मला पुढे गप बसवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. किल्ली, फ्रिज, चार वेळा दिलेलं इंजेक्शन, त्यांना दारातून परत पाठवलं तेव्हा तो पूर्ण जागा होता हे. मंदाचं वाक्य सांगितलं आणि माझंही, जसंच्या तसं. सांगताना मी खाली बघत होते.

'म्हाईत हाय मला,' त्या म्हणाल्या. 'घरी आल्याच्या पयल्याच हप्त्यात सांगितलं हुतं त्यांनी. शकूरभाई काय बोलला त्येबी, तुमी काय बोलल्या त्येबी.'

'मग इतकी वर्षं हा तिळगूळ?'

'त्यांनीच लावून दिलं. म्हणले, संक्रांतीला जायाचं. शकूरभाईला द्यायाचा, त्यो उपकाराचा. सिस्टरच्या हातावर द्यायाचा, अन् खाती का बघायचं. दुसरं काय बोलायचं नाय.' त्यांनी पदरानं डब्याचं झाकण पुसलं. 'घरी गेले की इचारायचे, खाल्ला का? मी म्हणायची, नाय, ठेवून घेतला. मग गप बसायचे. दरसाल.'

दरसाल. मी माझ्या मळमळीला पश्चात्ताप समजत होते, आणि अंकुशच्या घरात ती दर वर्षी त्याच वाक्यासारखी पोचत होती. ह्यांच्या हातचं कुणी खाणार आहे? नाही, सिस्टर अजूनही खात नाही. तो निव्वळ पश्चात्तापच होता की त्यात दुसरंही काही होतं, हे मला आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. किळस आतून कशाची येतेय हे बाहेरच्याला दिसत नाही, त्याला फक्त न खाल्लेला लाडू दिसतो.

वत्सलाताईंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी लाडू उचलला आणि त्यांच्यासमोर खाल्ला. गूळ चांगला मुरलेला होता, तीळ खमंग भाजलेले. गोड लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला मळमळलं नाही, इतकं सोपं होतं ते, आणि त्या सोपेपणानं मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी मोरीतही आली नव्हती.

मी गिळेपर्यंत वत्सलाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

'आता ह्ये कुणाला सांगू?' त्या म्हणाल्या.